जनरल गॉडर्डने वसई महिन्यात घेतली, मग बोरघाटातून मागे का फिरला?

प्रश्न असा आलाय की पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातल्या इंग्रज सेनापती जनरल गॉडर्डने १७८० मध्ये वसईसारखा किल्ला महिन्याभरात घेतला, मग चारच महिन्यांनी तो बोरघाट सोडून पनवेलला परत का आला, आणि त्याला मराठ्यांनी हरवलं असं म्हणायचं की तो स्वतःहून मागे गेला. प्रश्न विचारणारा पनवेलचा कॉलेजचा मुलगा आहे आणि त्याने दोन पुस्तकांत दोन वेगळी उत्तरं वाचलीत, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी इतिहासाचा प्रोफेसर नाही. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये २६ वर्षं काढली, सप्लायला, त्यातली काही वर्षं डोंगरात खेचरांच्या कंपनीत, आणि गाव खालापूर तालुक्यात, म्हणजे घराच्या पडवीत बसलं की समोर घाट दिसतो. रिटायर होऊन आल्यावर हा विषय डोक्यात शिरला तो अजून गेला नाही. पनवेल ते खोपोली हा जुना रस्ता जमेल तिथे पायी तीन-चार वेळा केलाय, मुद्दाम मार्च-एप्रिलमध्ये केलाय, कारण गॉडर्ड इथे त्याच दिवसांत होता. माझं उत्तर एका शब्दात म्हणजे रसद. पण त्यासाठी हा माणूस आधी काय करून आला होता ते बघावं लागेल, नाहीतर तो नुसताच एक हरलेला गोरा साहेब वाटतो आणि तसा तो अजिबात नव्हता.

थॉमस गॉडर्ड हिंदुस्थानात आला तो ब्रिटिश पायदळाच्या ८४ व्या रेजिमेंटमधून, तरुण अधिकारी म्हणून. पाँडिचेरीला फ्रेंचांविरुद्धच्या वेढ्यात होता, तिथून १७६३ मध्ये कंपनीच्या बंगाल फौजेत गेला आणि तिथे त्याने देशी शिपायांची पलटण उभी केली, तिला लोक त्याच्याच नावाने ओळखायचे. पुढची पंधरा वर्षं बंगाल-अयोध्येकडे गेली. म्हणजे शिपाई काय खातो, बाजार कसा चालतो, वाणी केव्हा पळतो, हे त्याला माहीत होतं. विलायतेतून थेट हुकूम घेऊन उतरलेल्या अधिकाऱ्याला हे माहीत नसतं.

आता युद्ध कशावरून, ते पटकन सांगतो. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, रघुनाथराव म्हणजे राघोबादादा पुण्यातून बाहेर पडून इंग्रजांकडे गेले, मुंबईकर इंग्रजांना मुंबईला लागून असलेली साष्टी आणि वसई हवीच होती, त्यांनी १७७४ च्या डिसेंबरात ठाणं घेतलं आणि १७७५ मध्ये सुरतेला दादांशी तह केला. कलकत्त्याच्या, म्हणजे कंपनीच्या वरच्या सरकारने तो तह मोडून पुरंदरला दुसरा केला, मुंबईकरांनी तो मनापासून पाळला नाही. १७७८ च्या शेवटी मुंबईची फौज दादांना घेऊन पुण्यावर निघाली आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावला अडकून अपमानास्पद करार करून परत आली. त्या फौजेत साधारण चार हजार लढते लोक होते आणि बैल एकोणीस हजार. होय, एकोणीस हजार. घाट चढून वर गेल्यावर ती फौज दिवसाला दोन मैलसुद्धा धड सरकत नव्हती. माझ्यासारख्याला हा आकडा वाचल्यावर पुढची लढाई वाचायची गरजच राहत नाही. एवढे बैल म्हणजे एवढ्या तोंडांना चारा, आणि मराठ्यांनी पुढचं गवत आणि तळेगाव जाळून टाकलं होतं. इष्टुर फाकडा, म्हणजे इंग्रजांचा कॅप्टन स्टुअर्ट, कार्ल्याला पडला ती हीच मोहीम.

गॉडर्ड तेव्हा कुठे होता? तो उत्तरेकडून येत होता. कलकत्त्याने मुंबईच्या मदतीला बंगालची फौज जमिनीवरून पाठवली होती, १७७८ च्या मे महिन्यात यमुनेकाठच्या काल्पीहून निघालेली, साडेसहा हजारांवर शिपाई आणि त्यांच्यामागे तीसेक हजार बाजारबुणगे. वरचा कर्नल लेस्ली बुंदेलखंडात स्थानिक भांडणांत अडकून बसला आणि ऑक्टोबरात तिथेच वारला, मग कमान दुय्यम असलेल्या गॉडर्डकडे आली. इथून त्याचं खरं करिअर सुरू होतं आणि मला विचाराल तर त्याचं सगळ्यात मोठं काम हेच, वसई नाही.

त्याने काय केलं तर लूट बंद केली आणि रोख पैसे मोजले. ऐकायला साधं वाटतं. पण तीस-पस्तीस हजार माणसं परक्या मुलखातून जाताना गावकरी पळाले तर धान्य पुरलं जातं, विहिरीत काटे पडतात, आणि दोन मुक्कामांत फौज उपाशी. गावकरी थांबले तर ते स्वतः पाट्या घेऊन बाजारात येतात. भोपाळच्या नवाबाने मराठ्यांची पर्वा न करता त्याला दाणा-चारा दिला. नर्मदेवर होशंगाबादला तो नागपूरकर भोसल्यांशी बोलणी करत दीड महिना थांबला, जानेवारीत निघाला, बऱ्हाणपूरला पोचला तर वडगावच्या बातम्या येऊन धडकल्या. वडगावच्या फौजेचा कारभार बघणाऱ्या मुंबईच्या कमिटीचं एक पत्र सांगतं परत फिर, दुसरं सांगतं त्या पत्राकडे लक्ष देऊ नको. मागे जायला बुंदेलखंड, पुढे पुणं, आणि त्याला अडवायला पुण्याहून मोठं घोडदळ निघालेलं. त्याने दोन्ही सोडून पश्चिमेचा रस्ता धरला, ६ फेब्रुवारीला निघाला आणि २६ फेब्रुवारीला सुरत. वीस दिवसांत तीनशे मैल. म्हणजे रोजचे पंधरा मैल, चोवीस किलोमीटर, तोफा आणि बिऱ्हाड घेऊन. मी खेचरांबरोबर चाललोय, चांगल्या वाटेवर रोज पंधरा मैल सलग वीस दिवस नेणं म्हणजे काय ते मला विचारा, तिसऱ्या-चौथ्या दिवशीच जनावरांच्या पाठी सोलायला लागतात. खोगिराच्या एका बाजूचं ओझं दुसऱ्या बाजूपेक्षा दोन-तीन किलो जास्त झालं, एवढ्यावरसुद्धा पाठीला फोड येतो आणि ते जनावर महिनाभर बाद. ज्याची फौज वीस दिवसांनी धडधाकट पोचते त्याच्या हाताखाली रोज पहाटे ओझी तपासणारी माणसं असणारच.

त्या मार्चने इंग्रजांची अब्रू वाचली, गॉडर्ड ब्रिगेडियर जनरल झाला, पुण्याशी बोलणी करायचे अधिकारही त्यालाच मिळाले. आपल्या जुन्या कागदांत तो 'गाडर' म्हणून येतो. नाना फडणीसांनी स्पष्ट सांगितलं, दादांना आमच्या हवाली करा आणि साष्टी सोडा. ते होणार नव्हतं. मग १७८० च्या जानेवारीत तो तापी ओलांडून गुजरातेत, डभई घेतलं, फत्तेसिंग गायकवाडांशी तह केला, १५ फेब्रुवारीला अहमदाबाद हल्ला करून घेतलं. वादळासारखा गेला म्हणा. तेवढ्यात महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर आले. आता इथे थांबून बघण्यासारखं आहे, कारण पुढे बोरघाटाखाली जे झालं त्याची रंगीत तालीम गुजरातेत झाली होती. गॉडर्ड एप्रिलमध्ये दोनदा रात्रीचा उठून शिंद्यांच्या छावणीवर चालून गेला, दोन्ही वेळा मराठे थोडा मार खाऊन बाजूला सरकले आणि काही कोसांवर पुन्हा उभे राहिले. लढाई जिंकली पण हाती काही नाही. तोवर पाऊस आला.

त्या पावसाळ्यात दक्षिणेत म्हैसूरचा हैदर अली कर्नाटकात (तेव्हा अर्काटकडच्या तमिळ मुलखाला हे नाव होतं) उतरला, सप्टेंबरात कर्नल बेलीची आख्खी तुकडी त्याने बुडवली, नानांनी हैदर, निजाम, भोसले सगळे एका सुतात आणले होते. कंपनीकडे पैसा नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

आता वसई. लोक विचारतात चिमाजी आप्पांना १७३९ मध्ये तीन महिने लागले, हजारो माणसं पडली, मग गॉडर्डला एक महिना कसा? त्याचं कारण शौर्यात शोधू नका. आप्पांकडे मोठ्या वेढ्याच्या तोफा कमी, दलदल आणि वाळूत खंदक खणत, सुरुंग लावून तट उडवायचा आणि त्या खिंडारात माणसं घालायची, एवढाच मार्ग होता, आणि पोर्तुगीज शेवटपर्यंत लढले. गॉडर्ड १३ नोव्हेंबर १७८० ला वसईसमोर आला आणि त्याने घाई अजिबात केली नाही. पहिला तोफांचा मोर्चा २८ नोव्हेंबरला, तटापासून नऊशे यार्डांवर, सहा तोफा आणि सहा उखळी तोफा. त्याच्या आडोशाने खणत खणत पाचशे यार्डांपर्यंत. ९ डिसेंबरला तिथून चोवीस पौंडी नऊ तोफा सुरू झाल्या, बाजूने वीस उखळ्या. दुसऱ्याच दिवशी तट फुटला, ११ ला किल्ला हाती आला. त्याची माणसं फारच थोडी गेली.

एक चोवीस पौंडी तोफ म्हणजे अडीच टनांच्या आसपास लोखंड. ती बैलांनी ओढत घाटातून न्यायची म्हटली तर एकेका तोफेला दोन-तीन डझन बैल जुंपावे लागतील आणि उतारावर दोर धरायला शंभर माणसं. वसईला त्या तोफा, ते गोळे, ती दारू गलबतांतून आली. मुंबई बंदर मागे, खाडी पायाशी, आणि समुद्र मराठ्यांच्या हातात नव्हता. समुद्र हा फुकटचा बैल आहे, त्याला चारा लागत नाही, हे मी माझ्या हाताखालच्या पोरांना नेहमी सांगायचो.

आणि दुसरं कारण हार्टले. हे नाव आपल्याकडे कमी लोकांना माहीत असतं. कर्नल जेम्स हार्टले, वडगावला पिछाडी सांभाळून ती फौज ज्याने वाचवली तोच. वसई वाचवायला मराठ्यांची फौज पूर्वेकडून येणार हे उघड होतं, तिला अडवायला हार्टले वज्रेश्वरीजवळच्या दुगाडला उभा राहिला. रामचंद्र गणेश कानडे मोठी फौज घेऊन आले, दोन दिवस झुंज चालली, १२ डिसेंबरला पहाटेच्या धुक्यात ते स्वतः चालून गेले. हार्टलेने आदल्या रात्री बाजूच्या दोन टेकड्यांवर गुपचूप आडोसा करून तोफा चढवून ठेवल्या होत्या. धुकं उठलं, तोफा सुटल्या, रामचंद्र गणेश पडले. मराठ्यांच्या फौजेतला नोरोन्हा नावाचा पोर्तुगीज अधिकारी जखमी झाला. वसई आदल्याच दिवशी पडलेली होती. पाहायला गेलात तर दुगाडच्या त्या टेकड्या फार उंच नाहीत, पण समोरचं सगळं मैदान दिसतं. रामचंद्र गणेशांसारखा अनुभवी, उत्तरेत फौजा नेलेला माणूस इथे एका रात्रीच्या मेहनतीपुढे गेला, मला त्याबद्दल आजही वाईट वाटतं.

जानेवारीत अर्नाळाही पडला. आता मुंबई बेटापासून उत्तरेची किनारपट्टी इंग्रजांकडे. इथे गॉडर्डच्या आयुष्यातला चुकीचा निर्णय येतो, आणि तो त्याने एकट्याने केला असंही नाही. हैदरमुळे कंपनीला मराठ्यांशी लवकर तह हवा होता. गॉडर्डला वाटलं की पुण्याकडे तोंड करून घाटात उभं राहिलं की नाना घाबरून बोलणी करतील. पुणं घ्यायची त्याची ताकद नव्हती आणि तसा बेतही नव्हता, नुसता धाक दाखवायचा होता. सप्लायवाल्याच्या नजरेने हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. जिंकायला गेलेली फौज पुढे जाऊन शत्रूचं धान्य खाते. धाक दाखवायला गेलेली फौज एकाच जागी बसून स्वतःचंच खाते, रोज खाते, आणि समोरच्याला फक्त वाट बघायची असते.

८ फेब्रुवारी १७८१ च्या रात्री कर्नल पार्करच्या हाताखाली ग्रेनेडियर, म्हणजे निवडक पायदळ, घाट चढले, मराठ्यांची ठाणी एकामागून एक मागे रेटत पहाटे खंडाळ्याला पोचले. लढाई म्हणून सुरेख काम. गॉडर्ड स्वतः बाकीची फौज घेऊन घाटाखाली खोपोलीला तळ देऊन बसला आणि नानांना पत्रं लिहू लागला.

नानांनी वेळ काढला. त्यांचं म्हणणं होतं की हैदरला सोडून तह नाही. बाल पेशव्यांना पुरंदरावर हलवलं, आणि इंग्रज खरोखर पुण्याकडे आले तर पुणं जाळायचं, घरांत गवत भरून ठेवायचं, अशी तयारी केली. म्हणजे गॉडर्ड पुण्यात शिरला असता तरी त्याला राखच मिळाली असती. आणि हरिपंत फडके समोर, तुकोजी होळकरही आले, परशुरामभाऊ पटवर्धन घोडदळ घेऊन घाटाच्या खाली, कोकणात, गॉडर्डच्या पाठीमागे उतरले. नाना मूळ आमच्या श्रीवर्धनकडच्या भानूंच्या घराण्यातले, पटवर्धनांचं मूळ रत्नागिरीजवळचं कोतवडे. या लोकांना कोकणाच्या या पट्ट्यात मार्चनंतर काय होतं ते कुणी सांगायला नको होतं.

तेच मी तुम्हाला आता सांगतो, कारण पुस्तकात हे एका ओळीत उरकतात. गॉडर्डचा सगळा पुरवठा मुंबईहून मचव्यांनी पनवेलच्या खाडीत यायचा आणि पनवेलहून बैलांवर चौक, खालापूर, खोपोली. साधारण चाळीस किलोमीटर. लादलेला बैल दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर जातो, म्हणजे जायला तीन दिवस, यायला तीन दिवस. आता माझ्या पद्धतीचा हिशोब करा. समजा लढते आणि बाजारातले मिळून दहा हजार तोंडं, माणशी रोज किलोभर दाणा, म्हणजे रोज दहा टन. बैलाच्या पाठीवर ऐंशी किलो धरले तर रोज सव्वाशे बैल खोपोलीत पोचले पाहिजेत, आणि फेरी सहा दिवसांची म्हणून साडेसातशे बैल कायम रस्त्यावर. यात दारूगोळा नाही, तोफांचे बैल नाहीत, घोड्यांचा हरभरा नाही. आणि त्या साडेसातशे बैलांना खायला? डोंगरावरचं गवत फेब्रुवारीतच पिवळं पडतं, ठिणगी पडली की वणवा. शेतात फक्त भाताचे बुडखे. चारा असतो तो गावाच्या खळ्यावरच्या उडव्यांत, आणि उडवी पेटवायला एक स्वार आणि एक चूड पुरते. एका रात्रीत आख्ख्या गावाचा पेंढा जातो, पुढच्या पावसापर्यंत नवा उगवत नाही.

पाण्याचंही तेच. खोपोलीला आज धरणाचं पाणी खाली येतं म्हणून नदी वाहती दिसते, तेव्हा एप्रिलात ओढे आटून डबकी राहायची. आमचे आजे भाताच्या गाड्या पनवेलला न्यायचे, ते सांगायचे की होळीनंतर दिवसा बैल हाकायचाच नाही, संध्याकाळी जुंपायचं, उजाडायच्या आत चौकच्या पुढे जायचं, नाहीतर बैल वाटेतच बसतो आणि एकदा बसला की शेपटी पिळा नाहीतर काही करा, उठत नाही. गॉडर्डचे तांडे शत्रूच्या भीतीने दिवसाच काढायला लागत होते. रात्री झाडीत कोण बसलंय ते दिसत नाही ना.

आणि मराठ्यांनी नेमकं हेच धरलं. खोपोलीच्या तळावर मोठा हल्ला करायची त्यांना गरजच नव्हती. पनवेलच्या रस्त्यावर जो तांडा निघेल तो गाठायचा, झाडी आणि दगडांमागून बंदुका मारायच्या, बैल उधळायचे, इंग्रज पायदळाने रांग लावली की बाजूला सरकायचं. मार्चमध्ये कॅप्टन मॅकेच्या हाताखालचा तांडा असाच मारामारी करत पोचला. नंतर कर्नल ब्राउनला मोठी तुकडी देऊन पनवेलहून धान्य आणायला पाठवावं लागलं, त्याला परशुरामभाऊ आणि होळकरांनी वाटेत असं धरलं की त्याची शंभरावर माणसं मेली आणि जखमी झाली. जरा विचार करा, धान्याची पोती आणायला तीन-तीन पलटणी आणि तोफा. त्या पलटणी जाऊन येऊन जेवढं खातात त्यापेक्षा आणलेलं धान्य जास्त नसेल तर ती फेरी कशासाठी? रस्ता राखणाऱ्यांची भूक जेव्हा रस्त्यावरून येणाऱ्या मालाएवढी होते त्या दिवशी मोहीम संपलेली असते, मग नकाशावर झेंडा कुठेही असो.

गॉडर्डला हे कळलं. तो मूर्ख नव्हता, आणि मला वाटतं त्याला हे मार्चमध्येच कळलं असणार, पण बोलणी चालू होती म्हणून थांबला. मद्रासहून आलेली माणसं परत पाठवायची होती, पावसाळा दीड महिन्यावर आला होता, आणि पावसात बोरघाटावर फौज ठेवणं म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने रात्री गुपचूप घाटावरच्या तोफा आणि सामान खाली काढलं आणि निघाला. खालापूर, चौक, आणि २३ एप्रिलला पनवेल. या तीन-चार दिवसांत मराठ्यांनी पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी हल्ले केले. त्याची ४६६ माणसं मेली आणि जखमी झाली, त्यात १८ युरोपियन अधिकारी. सामान बरंच गेलं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, हरला की फिरला? मी स्पष्ट सांगतो, हरला. मोहिमेचा हेतू होता नानांना तहाला भाग पाडणं, तो फसला, आणि फसवला तो हरिपंत, परशुरामभाऊ आणि होळकरांनी विचार करून, ठरवून. "इंग्रज आपणहून गेले" हे त्यांच्या कष्टांवर पाणी ओतण्यासारखं आहे. पण त्याचवेळी "गॉडर्ड पळाला" हेही मला मान्य नाही. वडगावला तसंच घेरलेल्या फौजेने तलावात तोफा टाकल्या आणि कागदावर सही केली. गॉडर्डची फौज शेवटपर्यंत रांगेत चालली, त्याने कुठलाही करार केला नाही, तोफा घेऊन पनवेलला पोचला. भर एप्रिलात, तहानलेल्या जनावरांसह, दोन्ही बाजूंच्या झाडीतून गोळ्या येत असताना माघार घेणं हे पुढे जाण्यापेक्षा दहापट कठीण काम आहे. माघारीत सगळ्यात आधी बाजारबुणगे घाबरून पलटणीत घुसतात आणि रांग मोडते, ती त्याने मोडू दिली नाही. ज्यांनी त्याला हरवलं त्यांनाही तो साधा माणूस नव्हता हे माहीत होतं.

मग चूक कोणाची? बऱ्हाणपूर ते सुरत तो आपला बाजार बरोबर घेऊन चालला होता आणि लोकांकडून विकत घेत होता, त्यामुळे त्याच्यामागे कापायला दोरच नव्हता. वसईला त्याच्या मागे समुद्र होता. खोपोलीला पहिल्यांदाच तो चाळीस किलोमीटरच्या एका बारीक वाटेला टांगून राहिला, आणि तीही अशा मुलखात जिथे विकत द्यायला कुणाकडे काही उरलेलंच नव्हतं, आधीच दोन वर्षं कल्याण-मलंगगडाकडे फौजा नाचत होत्या. नियम त्याला माहीत होता, त्याने स्वतः सिद्ध करून दाखवला होता, आणि वरच्या राजकारणापायी तो स्वतःच मोडला. पनवेल-खोपोलीमध्ये चौक आणि खालापूरला पक्की ठाणी, आधी दोन महिन्यांचं धान्य भरून, मग वर चढला असता तर कदाचित पावसाळ्यापर्यंत टिकला असता, पण तेवढे पैसे आणि तेवढे बैल मुंबईकडे नव्हते.

पुढे गॉडर्डने मोठी मोहीम केली नाही. पावसाळ्यात फौज कल्याणला ठेवली, मुंबई फौजेची मुख्य कमान त्याच्याकडेच होती, पण तब्येत खचत गेली. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने. त्यात साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि वसई पेशव्यांना परत गेली, म्हणजे नऊशे यार्ड, पाचशे यार्ड करत खणलेले ते सगळे मोर्चे कागदावर पुसले गेले. गॉडर्ड आजारी होऊन विलायतेला निघाला आणि १७८३ च्या जुलैमध्ये, इंग्लंडचा किनारा दिसायला लागला असताना, जहाजावरच वारला. वय जेमतेम चाळीसच्या पुढे.

तुम्ही पनवेलचे आहात तर एक करा, हे सगळं वाचून झालं की एखाद्या रविवारी एप्रिलात चौकला उतरा. इर्शाळगड डाव्या हाताला ठेवून खालापूरकडे पाच-सहा किलोमीटर चाला, हायवे सोडून गावातल्या रस्त्याने, सकाळी अकरानंतर, पाण्याची एकच बाटली घेऊन. वाटेत किती सावली आहे, किती पाणी आहे आणि झाडीतून रस्त्यावर नेम धरायला किती जागा आहेत ते मोजा. मग खोपोलीला जा, तिथे विरेश्वराच्या देवळाजवळ नाना फडणीसांनी बांधलेलं मोठं दगडी तळं आहे, घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्यांसाठी. पायऱ्या उतरून पाण्याला हात लावा. भर उन्हाळ्यातही तिथे पाणी असतं.